लंडनच्या घरामागच्या ओकवर केसाळ अळ्यांची जाळी, काय करावं?

म्हार्दोळकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न गोव्यातल्या झाडाचा नाही, पण झाडांतलं खरं कळणारी माणसं इथेच आहेत म्हणून इथे विचारते. माझी मुलगी, जावई आणि छोटा नातू पश्चिम लंडनला असतात, भाड्याचं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा आणि कुंपणाला लागून एक भलामोठा ओक, म्हणजे बलूत. पलीकडे पार्क आहे, तिथेही तसलीच दोन झाडं. गेल्या आठवड्यात मुलीने फोटो पाठवला, बुंध्यावर साधारण डोक्याच्या उंचीला पांढरं रेशमासारखं जाळं, त्यातून वर फांदीकडे पांढऱ्या रेघा गेलेल्या, आणि संध्याकाळी बघितलं तर करड्या केसाळ अळ्या एकामागे एक रांगेने वर चढतायत. त्याच दिवसापासून नातवाच्या मानेवर आणि कोपराच्या आत बारीक लाल पुरळ, रात्रभर खाजवतो, झोप नाही. तो झाडाला हात लावतच नाही म्हणे, नुसता खाली खेळत होता.

शेजारच्या बाईने सांगितलं की ही ओकवरची रांगेने चालणारी अळी, बाहेरून आलेली, हात लावू नका. आम्ही दोघं जूनमध्ये तिकडे जातोय. यांचं म्हणणं आपला हातपंप आणि नीमतेल आहेच, इथे शेवग्यावर करतो तसं तिथे करू. मला ते पटत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही कळत नाहीये. झाड तोडायचं का? फवारायचं का? की नुसतं लांब राहायचं? आणि ह्या अळ्या किती दिवस असतात? कोणाला खरंच माहिती असेल तर सविस्तर सांगा, मुलगी घाबरलीय.

रानवाट_सत्तरी

ताई, शेवग्यावरचे सुरवंट आम्ही पावसाळ्यात असेच घालवतो, दिवसा ते बुंध्यावर गठ्ठ्याने चिकटलेले असतात तेव्हा सुक्या चुडतांची चूड पेटवायची आणि बुंध्यावरून फिरवायची, एका फेरीत सगळे खाली. झाडाला काही होत नाही, हात जरा हलका ठेवायचा एवढंच. जाळं डोक्याच्या उंचीवर आहे म्हणजे शिडीसुद्धा लागणार नाही. जावयाला सांगा संध्याकाळ व्हायच्या आत करायला, एकदा अळ्या वर चढल्या की मग हाताला लागत नाहीत.

झाडकाम_मडगाव

रानवाट भाई, थांबा, आणि ताई, कृपा करून हे करू नका. मी लंडनमध्ये झाडांची कामं करणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं होतो, दोरावर चढून फांद्या काढणं आणि मे-जून आला की ह्याच अळीची जाळी काढणं हे आमचं ठरलेलं काम, त्यामुळे जरा लांबण लावतो, वाचून घ्या.

पहिली गोष्ट, आग नको, काठी नको, पाण्याचा पाईप नको. शेवग्यावरच्या सुरवंटाचा त्रास तुमचं अंग अळीला लागलं तर होतो. ह्या अळीच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात, लांब पांढरे जे फोटोत दिसतात ते तसे निरुपद्रवी, आणि पाठीवर मखमलीसारखे जे गडद ठिपके दिसतात त्यांत बारीक बारीक कुसं, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी, डोळ्याला दिसत नाहीत. पूर्ण वाढलेल्या एका अळीवर ही ६० हजारांच्या आसपास असतात. टोकाला काटेरी, आत थॉमेटोपोइन नावाचं प्रथिन, आणि सहज तुटून वाऱ्यावर जातात. खाजकुयलीची कुसं कशी वाऱ्याने अंगावर येतात आणि माणूस झाडाजवळ गेलेला नसतानाही खाजवत सुटतो, तस्संच हे. म्हणून नातवाने हात लावला नाही तरी पुरळ आलं. अशा जाळ्याला चूड लावली की वर उठणाऱ्या गरम हवेबरोबर सगळी कुसं उडून घरभर, शेजाऱ्याकडे, चूड धरणाऱ्याच्या डोळ्यात. पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी तेच, जाळं फुटतं आणि आतला सगळा माल बाहेर पडतो. आत अळ्यांनी टाकलेल्या जुन्या काती असतात, त्यांच्यावर कुसं तशीच असतात, अळी मेली तरी कुसं कित्येक वर्षं खाज आणू शकतात.

आता ही अळी तिथे आली कशी ते सांगतो कारण त्यावरूनच पुढचं कळतं. मूळची ती मध्य आणि दक्षिण युरोपातली. २००६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये पहिल्यांदा सापडली, युरोपातून आणलेल्या जिवंत ओकच्या झाडांवर अंडी चिकटून आली होती असं मानतात. तेव्हा सुरुवातीला सगळी संपवायचा प्रयत्न झाला पण ती पसरली, आज लंडन आणि आजूबाजूचा मोठा पट्टा तिने धरलेला आहे. म्हणजे तुमच्या मुलीच्या भागात ही अळी मुळासकट घालवता येईल अशी आशा धरू नका, आपल्या झाडावर ती आटोक्यात ठेवायची आणि माणसांपासून लांब ठेवायची, एवढंच हातात आहे आणि तेवढं नीट केलं तर पुरेसं आहे.

झाड तोडायचा विचार तर मनातून काढून टाका. एकतर भाड्याचं घर, झाड घरमालकाचं. दुसरं म्हणजे तिथल्या बऱ्याच जुन्या झाडांना संरक्षणाचा आदेश असतो, काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, परवानगीशिवाय फांदीसुद्धा कापता येत नाही, दंड मोठा असतो. आणि तोडून करणार काय, पलीकडे पार्कात दोन उभी आहेतच.

झाडकाम_मडगाव

(मघाशी जेवायला उठलो, पुढचं लिहितो.)

अळ्या किती दिवस असं विचारलंत. वर्षाचं चक्र लक्षात ठेवलं की कधी काय करायचं ते आपोआप कळतं. पतंग जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत उडतात, राखाडी तपकिरी, साधे दिसणारे, थोडेच दिवस जगतात. मादी वरच्या बारीक फांद्यांवर अंडी घालते, शंभर ते दोनशे एका ठिकाणी, ओळीत चिकटवलेली आणि वरून राखाडी खवल्यांनी झाकलेली. ती अंडी अख्खा हिवाळा काढतात. एप्रिलच्या आसपास ओकच्या कळ्या फुटतात तेव्हाच अळ्या बाहेर येतात. पहिल्या दोन अवस्थांत ती बोचरी कुसं नसतात, तिसऱ्या अवस्थेपासून येतात, म्हणजे साधारण मेपासून. एकूण सहा अवस्था. रात्री वर जाऊन पानं खातात, दिवसा जाळ्यात येऊन पडतात, त्या पांढऱ्या रेघा म्हणजे त्यांचा जायचा यायचा रेशमी माग. जूनच्या शेवटाला-जुलैत त्याच जाळ्यात कोष करतात आणि मग परत पतंग.

ह्यावरून बघा, औषध फवारायचं तर एप्रिल ते मेचा पहिला भाग, अळी बारीक असताना. आता ती वेळ जवळजवळ गेली. तुमच्या फोटोत जाळं दिसतंय म्हणजे पुढचा टप्पा आला, तो जाळी काढण्याचा. ते काम प्रशिक्षित माणसाचं. आम्ही अंगभर बंद सूट, हातमोजे टेपने बांधलेले, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि खास फिल्टरवाला व्हॅक्यूम घेऊन चढायचो, जाळं आधी ओलसर किंवा चिकट द्रावणाने बसवून घ्यायचं म्हणजे कुसं उडत नाहीत, मग ओढून घ्यायचं, पिशवी बंद करून ठरलेल्या जागी नेऊन जाळायची. एवढं सगळं घालूनसुद्धा मनगटाच्या फटीतून कुसं आत शिरायची आणि आठवडाभर पट्टा उठलेला असायचा. म्हणून सांगतो, जावयाने बागकामाचे मोजे घालून हे करायला जाऊ नये.

मुलीने आज करायच्या गोष्टी: ट्रीअलर्ट नावाचं सरकारी ऑनलाइन पान आहे, त्यावर फोटो आणि जागा टाकून कळवायचं. फोटो लांबून काढायचा, झूम करून. घरमालकाला लेखी ईमेल, तोंडी नको, त्यात नातवाच्या पुरळाचा उल्लेख करायचा. पार्कातल्या झाडांसाठी काउन्सिलला वेगळं कळवायचं. आणि झाडाखालची जागा दोरी लावून बंद.

त्वचा_पणजी

मी त्वचेची डॉक्टर आहे, ह्या अळीचे पेशंट बघायला मिळत नाहीत पण केसाळ सुरवंटांचे पावसात भरपूर येतात, आणि पहिल्या तासात घरचे लोक जे करतात त्यानेच अर्धा त्रास वाढतो. आपल्याकडे सुरवंट लागला की घोंगडीने चोळतात, कोणी शेण लावतं, कोणी खोबरेल. चोळल्याने कुसं आत जातात आणि तुटतात. करायचं असं: त्या जागेवर वाहतं पाणी सोडायचं, टॉवेलने पुसायचं नाही, तसंच वाळू द्यायचं, मग चिकटपट्टी हलकेच लावून उचलायची, दरवेळी नवी पट्टी. बर्फाची पिशवी किंवा कॅलामाइन लावलं तर खाज कमी होते. बाकी गोळ्या-मलमं मनाने देऊ नका, तिथल्या फार्मासिस्टला दाखवा, लहान मूल आहे.

कपडे ताबडतोब काढून वेगळे धुवा, कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात. कपडे झटकू नका. नातवाची नखं कापा आणि हात डोळ्याला लावू देऊ नका, डोळ्यात कुसं गेलं तर डोळ्याच्या डॉक्टरकडेच जायचं, चोळायचं नाही. घशात खवखव, खोकला होऊ शकतो, दमा असलेल्यांनी जास्त जपायचं. तिथे १११ वर फोन करून सल्ला मिळतो. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर मात्र वाट बघायची नाही, सरळ ९९९.

ताई, नातवाला आधी कधी दमा किंवा ॲलर्जी? असेल तर मुलीला आजच फोन करायला सांगा.

साखळीकर

वाचून मला धडकी भरली कारण आमच्या दारात दोन सिल्व्हर ओक आहेत, वडिलांनी लावलेले, आणि परवाच त्यावर काहीतरी जाळ्यासारखं दिसलं. ही अळी गोव्यात आली म्हणजे? विमानाने माणसं येतात जातात, सामानातून अंडी येणार नाहीत कशावरून? साखळी-डिचोली भागात अजून कोणी बघितलंय का?

कृषी_निवृत्त_फोंडा

साखळीकर, घाबरू नका. सिल्व्हर ओक हा ओक नव्हे, तो ऑस्ट्रेलियातून आलेला ग्रेविलिया, कॉफीच्या आणि चहाच्या मळ्यात सावलीला लावतात तो. खरा ओक म्हणजे क्वेर्कस, आपल्या देशात तो हिमालयात आहे, कुमाऊं-गढवालात बांज म्हणतात तो त्यातलाच, गोव्याच्या रानात तो नाही. ही अळी ओकवरच वाढते, तिची अंडी इथे येऊन फुटली तरी पिल्लांना खायला पान नाही. तुमच्या झाडावरचं जाळं दुसऱ्या कशाचं तरी असणार, कोळ्याचंही असेल, जवळून फोटो टाका, बघू.

पण तुमच्या मनात आलेली भीती चुकीची नाही, ती फक्त दुसऱ्या वाटेने येते. माणसाच्या बॅगेतून कीड येते त्यापेक्षा जिवंत रोपांतून कितीतरी जास्त येते. ब्रिटनमध्ये ही अळी एकदा शिरल्यावरही २०१९ मध्ये युरोपातून आणलेल्या ओकच्या रोपांवर परत परत सापडली आणि सरकारने ओकच्या आयातीचे नियम अजून कडक केले. आपल्याकडे बघा, मक्यावरची लष्करी अळी अमेरिकेतली, २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि बघता बघता देशभर. माडावरची सर्पिलाकार पांढरी माशी २०१६ मध्ये तामिळनाडूत दिसली, आज आपल्या किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांखाली पांढऱ्या वर्तुळाकार रेघा आणि वरच्या बाजूला काजळी दिसते ती त्याचीच. आणि तरी आपले लोक ट्रकभर शोभेची झाडं बाहेरच्या राज्यांतल्या नर्सरीतून आणतात, उतरवतात आणि त्याच दिवशी बागेत लावतात. नवीन रोप निदान दोन-तीन आठवडे जुन्या झाडांपासून वेगळं ठेवावं, पानांची खालची बाजू, खोडाच्या बेचक्या, कुंडीची माती बघावी, हे मी नोकरीत असताना सांगून सांगून थकलो, आताही सांगतो.

ताईंच्या मूळ प्रश्नातल्या फवारणीबद्दल. तिथे ह्या अळीवर मुख्यतः बीटी वापरतात, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, आपल्याकडे भाजीवरच्या अळ्यांसाठी मिळतं तेच, कुर्स्टाकी जातीचं. हे अंगावर पडून मारत नाही, पानावर बसलेलं अळीने खाल्लं पाहिजे. अळीच्या आतड्यात आम्लाच्या उलट वातावरण असतं तिथे त्यातल्या प्रथिनाचे स्फटिक विरघळतात, आतड्याचा पडदा फाटतो, अळी खाणं सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. म्हणून पान नीट उमललेलं हवं, अळी बारीक हवी, पाऊस नको, वारा नको, आणि उन्हाने ते लवकर निकामी होतं म्हणून कधी कधी दोनदा मारावं लागतं. आता विचार करा, पंधरा-वीस मीटरचा ओक, अळ्या सगळ्या शेंड्याकडे, त्याला तुमचा हातपंप कुठे पोहोचणार? तिथे मोठ्या ब्लोअरने खालून किंवा क्रेनच्या पाळण्यातून मारतात. बर्कशायरमध्ये पँगबोर्न म्हणून गाव आहे, तिथे लागण झाली होती तेव्हा २०१३ मध्ये हेलिकॉप्टरने फवारलं होतं.

आणि बीटीला मित्र-शत्रू कळत नाही, त्या वेळी त्या झाडावर ज्या ज्या फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्या पान खात असतील त्या सगळ्या जातात. ओकवर शेकडो जातींचे कीटक जगतात, त्या अळ्यांवर पक्षी पिल्लं वाढवतात. म्हणून तिथले लोक दिसेल त्या झाडावर फवारत नाहीत, शाळा, दवाखाना, खेळाचं मैदान, वर्दळीची वाट बघून ठरवतात आणि मला हे पटतं. नीमतेल तर नकोच, तिथे परवाना नसलेलं कीटकनाशक फवारणं बेकायदेशीर आहे, बॅगेत भरून नेऊ नका.

झाड मरेल का ही काळजी असेल तर एका वर्षाने मरत नाही. आपला साग बघा, पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच्यावरची अळी पानांची नुसती जाळी करून टाकते, लांबून झाड जळल्यासारखं दिसतं, आणि महिन्याभरात नवीन पालवी. केरळच्या वन संशोधन संस्थेने पीचीला त्या अळीवर खूप काम केलंय, तिला होणारा विषाणू वापरून तिला कसं आवरायचं इथपर्यंत. ओकसुद्धा उन्हाळ्यात दुसरी पालवी काढतो. पण वर्षानुवर्षं पानं जात राहिली, त्यात दुष्काळ किंवा भुरी आली, की मग झाड खचतं.

रानवाट_सत्तरी

काका, झाडकाम भाई, कळलं, आग नको. पण मला एक सांगा, आपल्याकडे सुरवंट खाणारे कितीतरी आहेत, पावशा तर केसाळ सुरवंट आवडीने खातो. तिकडे ह्याला खाणारं कोणीच नाही? माणसं सूट घालून किती झाडं पुरी पडणार?

झाडकाम_मडगाव

आहेत भाई, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कार्सेलिया इलियाका नावाची एक माशी आहे, ती ह्या अळीवर अंडं घालते, तिचं पिल्लू अळीला आतून खातं, युरोपातली ही माशी आता इंग्लंडमध्येही सापडते. कॅलोसोमा म्हणून एक मोठा चकाकता हिरवा भुंगेरा आहे, युरोपात तो झाडावर चढून अळ्या आणि कोष खातो. नेदरलँड्समध्ये लोकांनी ओकच्या रांगांत रामगंगा पक्ष्याच्या जातभाईंसाठी लाकडी खोपे टांगलेत, हे पक्षी एप्रिल-मेत पिल्लांसाठी बारीक अळ्या वेचतात, म्हणजे कुसं यायच्या आधीच. झाडांखालचं गवत न कापता रानफुलं वाढू दिली तर परजीवी माश्यांना आणि गांधीलमाश्यांना खायला मध मिळतो, त्यावरही तिथे भर दिला जातो. ह्या कशानेही अळी संपत नाही पण दरवर्षीचा जोर कमी पडतो. सरसकट फवारलं तर हीच मंडळी उपाशी जातात, काकांनी वर सांगितलंच.

म्हार्दोळकरीण

सगळ्यांना देव बरे करू. डॉक्टर ताई, नातवाला दमा नाही, पट्टीचा उपाय काल केला, मुलगी म्हणते रात्री चार-पाच तास सलग झोपला. फार्मासिस्टनेही तेच सांगितलं.

घरमालकाला ईमेल गेला, त्याने आधी "कोळ्याचं जाळं असेल" म्हणून उडवून लावायला बघितलं, मग ट्रीअलर्टवर कळवल्याची पावती पाठवली तेव्हा त्याने माणूस पाठवायचं कबूल केलं. आता माझे पुढचे प्रश्न. एक, आम्ही तिथे जूनमध्ये पोहोचू, तेव्हा आम्ही स्वतः झाडावर लक्ष कसं ठेवायचं, काय काय बघायचं? दोन, जावयाला इंटरनेटवर कामगंधाचे, म्हणजे पतंगांना वासाने ओढणारे, सापळे दिसलेत, ते आणून टांगले तर पतंग पकडले जातील ना? आपल्याकडे वांग्याला, माडाच्या सोंडे भुंग्याला लावतात तसे. तीन, कुंपणाच्या झुडुपावरही पांढरं जाळं आहे, पूर्ण झुडूप पांढऱ्या कापडात गुंडाळल्यासारखं, तेही हेच का?

झाडकाम_मडगाव

तिसऱ्यापासून सुरू करतो. झुडूप कसलं आहे ते माहीत नाही पण अख्खं झुडूप, पानांसकट, पातळ पांढऱ्या जाळ्यात गुंडाळलेलं असेल तर ती बहुतेक दुसऱ्या बारीक पतंगाची अळी, केस नसलेली, माणसाला त्रास नाही. ओकवरच्या ह्या अळीचं जाळं पानांत कधी नसतं, बुंध्यावर किंवा जाड फांदीवरच चिकटलेलं असतं. आकार कसाही, थेंबासारखा, उशीसारखा, कधी फांदीच्या खाली पिशवीसारखा लोंबणारा. लिंबाएवढं असतं आणि फुटबॉलपेक्षा मोठंही होतं. ताजं असताना पांढरं, मग पाऊस-धुळीने तपकिरी होतं आणि सालीत असं मिसळून जातं की पाच फुटांवरून दिसत नाही. लोक पांढरं शोधत बसतात आणि तपकिरी जाळ्याला टेकून उभे असतात, हे मी कितीदा बघितलंय.

लक्ष ठेवायची पद्धत. दुर्बीण घ्या, साधी चालेल, आणि झाडापासून लांब, वारा आपल्या पाठीकडून झाडाकडे जात असेल अशा बाजूला उभं राहा. खालून सुरुवात करा, मुळांच्या फुगवट्यापासून, कारण जाळी जमिनीलगतही असतात आणि मुलांचा हात तिथेच पोहोचतो. मग बुंध्याभोवती सगळीकडून, मग पहिल्या फांद्यांच्या बेचक्या, मग प्रत्येक जाड फांदीची खालची बाजू. पांढरा रेशमी माग दिसला तर तो कुठे जातो ते डोळ्याने धरून बघा, त्याच्या टोकाला जाळं असतंच. शेंड्याकडची पानं फक्त शिरा उरल्यासारखी दिसली तर वर अळ्या आहेत असं धरा. संध्याकाळी उशिरा, तिथे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा मिरवणूक निघालेली दिसते, पुढे एक अळी आणि मागे रुंदी वाढत गेलेली, बाणाच्या टोकासारखी. जे दिसेल ते वहीत लिहा, तारीख, झाडाची कुठली बाजू, जमिनीपासून किती उंच, जाळं केवढं. ही वही जाळी काढायला येणाऱ्या माणसाच्या हातात दिली तर त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि पुढच्या वर्षी फवारणी हवी का ते ठरवायलाही तीच कामाला येते.

सापळ्याबद्दल. कामगंधाच्या सापळ्यात फक्त नर येतात. ते जुलै ते सप्टेंबर लावायचे, आणि उपयोग अळी ह्या भागात आहे की नाही ते कळायला. नर खूप लांबून उडत येतो, मादी त्या मानाने कमी, त्यामुळे सापळ्यात नर पडला म्हणून त्याच झाडावर जाळं आहे असंही नाही, आणि दहा नर पकडले म्हणून अंडी कमी होतील असंही नाही. नवीन भागात जिथे अळी पोहोचली का हे बघायचं असतं तिथे सरकारी लोक असे सापळे लावतात. तुमच्याकडे अळी डोळ्याने दिसतेय, सापळ्याचे पैसे वाचवा.

कृषी_निवृत्त_फोंडा

सापळ्याचं भाईंनी बरोबर सांगितलं. सोंडे भुंग्याच्या सापळ्यात मादीसुद्धा येते कारण तो गंध दोघांनाही एकत्र बोलावणारा आहे, म्हणून तिथे गोळा करून संख्या खाली आणता येते. प्रत्येक किडीचा सापळा वेगळ्या कामाचा. आपल्याकडे दुकानदार हे न सांगता विकतात.

त्वचा_पणजी

झोपला हे वाचून बरं वाटलं. पुरळ आठवड्यात ओसरायला हवं, नव्या ठिकाणी उठत असेल तर कुसं अजून घरात आहेत असं समजा. गादीची खोळ, खेळणी, बाबागाडीची गादी बघा. बाहेर वाळत घातलेले कपडे हे एक कारण असतं जे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हार्दोळकरीण

डॉक्टर ताई, तुम्ही कपड्याचं लिहिलंत आणि मुलीला विचारलं, दोरी अगदी त्या ओकच्या फांदीखालीच! आता आत घरात वाळत घालतायत.

जाळी काढणारा माणूस येऊन बघून गेला, एकूण चार जाळी निघाली, फोटोतलं एक आणि वर तीन, पुढच्या आठवड्यात काढणार. शेवटचं विचारते, काढून झाल्यावर लगेच नातवाला मागे खेळू द्यायचं का? तिथेच खाली त्याची वाळूची पेटी आहे. आणि पालापाचोळा, वाळक्या काटक्या खाली पडल्यात त्या कुठे टाकायच्या?

झाडकाम_मडगाव

वाळू टाकून द्यायची, चाळून परत वापरायची नाही. मुलीने स्वतः भरू नये, जाळी काढायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, ते आपल्या सूटमध्ये असताना पिशवीत भरून नेतील. नवीन पेटी झाडापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी, घराच्या भिंतीला लागून असेल तर उत्तम, आणि झाकणाची.

काटक्या-पाला झाडूने लोटू नका, ब्लोअर तर अजिबात नाही. गवत कापायचं यंत्र ह्या मोसमात त्या झाडाखाली चालवायचं नाही, खाली पडलेलं जाळं त्यात सापडलं तर कुसं सगळीकडे. ओकच्या फांद्या त्या भागातून बाहेर न्यायच्या नाहीत, अंडी त्यावरूनच प्रवास करतात, नेणाऱ्या कंत्राटदाराला हे माहीत असतं पण तरी विचारून घ्या.

काढून झाल्यावर पाऊस पडून जाऊ द्या, एक-दोन चांगल्या सरी, मगच नातवाला बाहेर, तेही झाडाखाली नको, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. ऑगस्ट उजाडला म्हणजे नवीन कुसं तयार व्हायचं थांबतं, तरी जुनं एखादं जाळं वर राहिलेलं असेल तर त्याची धास्ती हिवाळ्यातही असते, म्हणून पानं गळल्यावर नोव्हेंबरनंतर एकदा परत दुर्बिणीने बघायला सांगा, उघड्या फांद्यांवर जुनी जाळी स्पष्ट दिसतात. आणि घरमालकाकडून एक गोष्ट आताच लेखी घ्या, पुढच्या वर्षीची पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पालवी फुटायच्या आधी, म्हणजे फवारायचं ठरलं तर एप्रिलची तारीख हातात असेल, तिथे ह्या कामाची चांगली माणसं मे उजाडला की मिळत नाहीत.